सुमाच्या वाटणीचं आगळ

प्रिझर्व्हेटिव्हचं नाव काढलंत ना, तर मला आमची हेदवीची आक्का आठवते. माझी थोरली बहीण. कोकमाचं आगळ करावं तर तिनंच. दुकानातल्या बाटलीवर सोडियम बेंझोएट छापलेलं दिसलं की नाक मुरडायची. "असलं काही माझ्या आगळात नसतं हो! रातांब्यांचा रस नि मीठ, झालं!"

यंदा आक्काच्या मुंबईच्या लेकीला, सुमाला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आक्कानं कुणाला न विचारता सुमाच्या वाटणीच्या आगळात मीठ निम्म्यावर आणलं. गणपतीत सुमा आली, तशी कौतुकानं बाटली काढली. बूच फिरवलं मात्र, फसफसून फेस वर आला आणि आंबूस वास घरभर. दुसरी उघडली, तीही तशीच.

"मामा, असं कसं झालं?" सुमानं विचारलं.

मी बोलून गेलो, "अगो, आगळ टिकतं ते मिठावरच. बेंझोएट काय नि मीठ काय, काम एकच. बेतानं घातलं तर दोन्ही चालतं."

आक्काचा चेहरा बघवेना. रातांबे तर केव्हाच संपलेले. परसात बाटल्या ओतताना सुमा म्हणाली, "आई, नेहमीचंच द्यायचंस ना! मी थोडं थोडं घेतलं असतं."

"थोडं थोडं कशाला गो?" आक्का म्हणाली. "तुला पोटभर पिता यावं म्हणून तर कमी घातलं."