चार आणि पाच नंबरच्या नकाशांमधली जागा

(नगरपरिषदेचं नगररचना कार्यालय. दुपारचे अडीच. टेबलावर दोन मोठे नकाशे.)

भाची : मंजूर झाला, मामा. ओढ्याकाठचा पट्टा हिरवा. एकमताने. सूचक पाणीपुरवठा सभापती, अनुमोदक आरोग्य सभापती. बाकीच्यांनी बाकं वाजवली.

मामा : सभा चारला आहे.

भाची : इतिवृत्त सभेआधी टाइप करून ठेवायची पद्धत तुम्हीच शिकवलीत.

मामा : ठराव शिकवला होता. बाकं वाजवायला नव्हतं शिकवलं. खोड ते.

भाची : सगळा ठरावच खोडलं. म्हणजे अजून काहीच झालेलं नाही. पट्टा कोराच आहे.

मामा : आणि ऑफिसात मला मामा म्हणू नकोस.

भाची : मग तुम्ही अगं-तुगं करू नका. मी तुमची साहेब आहे.

मामा : बरं, मॅडम. तुमचं नाक पुसायला कोण होतं, तेवढं ध्यानात असू द्या.

भाची : असेल. आता ऐका. आजच्या आराखड्यात त्या पट्ट्याला रंग मिळाला नाही, तर नियमाप्रमाणे शेजारचा रंग लागतो. शेजारी काय?

मामा : पिवळा. रहिवासी.

भाची : म्हणजे सोमवारपासून ओढ्यात भराव. अर्ज आलाय. सात मजले. इमारतीचं नाव 'निर्झर'.

मामा : ओढा बुजवून?

भाची : नावापुरता तरी राहील, म्हणाले.

मामा : मग हिरवा करा ना. कोण अडवतंय?

भाची : प्रस्तावाच्या नमुन्यातला रकाना क्रमांक नऊ. 'जागेचा पूर्वेतिहास.' तिथे आज काय आहे आणि ते का आहे, दोन्ही लिहावं लागतं. काय आहे ते लिहिलंय. माणसाच्या उंचीची पाणकणसं. खंड्या. कासवं सतरा, त्यातलं एक दोनदा मोजलं गेलं असेल. खालच्या आळीत अकरा वर्षांत पुराचं पाणी शिरलेलं नाही. वरचं रान आणि खालचं तळं जोडणारी ही एकच वाट उरलीय, आणि मुंगूस ती रोज वापरतं.

मामा : मुंगसाची सही घेतलीत?

भाची : अंगठा घेतला. पण का, ते कळत नाही. सगळं गाव बांधून झालं आणि तिथे कुणी वीटसुद्धा ठेवली नाही.

मामा : देवाची करणी लिहा.

भाची : त्याला सक्षम प्राधिकाऱ्याची सही लागते. जुने अर्ज काढले मी. एकवीस. चार नंबरच्या नकाशावर जागा सापडत नाही, म्हणून शेरा, 'नकाशा पाच पाहावा.' पाचवर शेरा, 'नकाशा चार पाहावा.' एक अर्जदार सहा वर्षं पाहत होता. शेवटी दुसऱ्या गावी घर बांधलं आणि आपल्याला आभाराचं पत्र पाठवलं.

मामा : शेरे बिनचूक आहेत.

भाची : अक्षर तुमचं आहे.

मामा : सुवाच्य असतं माझं.

भाची : मामा.

मामा : मॅडम, ऑफिसात...

भाची : मामा, मी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. मधली दोन बोटं जागाच नाही. ओढा चारमध्ये शिरतो आणि पाचमध्ये एकदम पुलाखालून निघतो.

मामा : दोन्ही नकाशांच्या कडेला तोच पट्टा काढलेला असतो. जोडताना एकाची कड कापायची. सोमवारी मी चारची कापली. मंगळवारी पाचची.

भाची : का?

मामा : कात्री नवी होती.

भाची : कळलं कधी?

मामा : गुरुवारी. बुधवारी नकाशे मंजूर झाले होते.

भाची : एकमताने?

मामा : बाकंसुद्धा वाजली होती. पहिली दोन वर्षं रोज ठरवायचो, उद्या सांगू. मग एकदा जागा बघायला गेलो. पाणकणसं आली होती. म्हटलं, आता यांना कसं उठवायचं.

भाची : हे नऊमध्ये लिहिलं तर पट्टा हिरवा होतो. पण शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ आहे. 'चौतीस वर्षांची निर्दोष सेवा.' प्रमाणपत्र मीच टाइप केलंय.

मामा : तेही आधीच?

भाची : पद्धत आहे. मामीने भिंतीवर खिळाही ठोकलाय.

मामा : माहीत आहे. धरला मी होता. हा बघ अंगठा.

भाची : मी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहू शकते.

मामा : मग अध्यक्ष म्हणतील, माहिती उपलब्ध होईपर्यंत पिवळा. ते वाक्यही मीच शिकवलंय त्यांना.

भाची : मग काय करायचं?

मामा : आधी नकाशा नीट करा. नुसता हिरवा रंग फासून भागणार नाही. दोन्ही काठांना पंधरा मीटर बांधकाम बंद. वरच्या अंगाला जी परवानगी द्याल, तिच्यात पावसाचं पाणी जमिनीत जिरवायची अट घाला. आणि रंगसूचीत वेगळं नाव द्या, नाहीतर पुढचा साहेब उद्यान समजून कारंजं बसवील.

भाची : नाव काय देऊ?

मामा : 'निसर्गासाठी राखीव. काहीही करू नये.'

भाची : प्रस्तावित वापर?

मामा : 'चालू आहे.'

भाची : आणि रकाना नऊ?

मामा : घे लिहून. पत्र माझ्या नावाने. 'विषय : नकाशाची कड दोनदा कापल्याबाबत. महोदया,'

भाची : महोदया म्हणजे मी?

मामा : दुसरं कोण आहे इथे? 'सदर पट्टा माझ्या चुकीमुळे अकरा वर्षे नकाशाबाहेर राहिला. या काळात तेथे जे उगवले, ते या कार्यालयाच्या कोणत्याही आदेशाने उगवलेले नाही. चूक मला मान्य आहे.'

भाची : मामा, प्रमाणपत्र परत घ्यावं लागेल मला.

मामा : वाक्य पुरं होऊ दे. 'तरी सदर चूक माझ्या निर्दोष सेवेत समाविष्ट करण्यात यावी, ही नम्र विनंती.'