डेल्टन खेळायला पात्र ठरला, त्याची हकीकत

…आणि वर मलाच विचारतात, "मिस वेल्डा, तुमचा नातू या गावात फुटबॉलसाठी आला का?" आजी झाले तरी इथे मानाने मिसच म्हणतात, ते असो. अहो, फुटबॉलसाठी कशाला येईल? माझ्या मोडलेल्या खुब्यासाठी आला! मार्चमध्ये कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, पाय घसरला, खुबा गेला, दवाखान्यात आत लोखंड बसवलं, आणि तो डॉक्टर, ज्याला अजून धड मिशी फुटली नाही तो, मला सांगतो, "आता एकटं राहायचं नाही, मॅडम." राहायचं नाही तर नाही! मी काय कुणाला ये म्हटलं? मी एक अक्षर बोलले नाही. फक्त माझ्या मुलाला, रॉय्सला, फोन करून एवढंच म्हटलं, की बाबा रे, तुझी आई न्हाणीघरात मरून पडली तर वास सुटेपर्यंत शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं नाही, पण तू तिकडे लार्किनला मजेत राहा, माझी काळजी करू नको. एवढंच. बाकी काही नाही.

तर आला बिचारा. नोकरी सोडली, घर विकलं, बायको, फ्रीज, कुत्रा आणि डेल्टन, सगळं ट्रकमध्ये भरलं आणि आला. सून मार्ला पहिल्या दिवशी दारात उभी राहून माझ्या स्वयंपाकघराकडे बघत होती, तुरुंगाकडे बघावं तशी. पण तिच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतेय डेल्टनबद्दल. बारावीत आहे. तीन वर्षं लार्किनच्या शाळेच्या फुटबॉल संघात (आमचा फुटबॉल हाताने झेलून पळायचा हो, लाथेचा नव्हे) घाम गाळला, आणि चौथं वर्ष, शेवटचं वर्ष, ज्या वर्षासाठी पोरं बाकीची तीन वर्षं मार खातात, त्या वर्षी याला आजीच्या खुब्यापायी गाव सोडावं लागलं. पुढे कॉलेज वगैरे काही नाही हो, बापाबरोबर वेल्डिंगला जाणार आहे. म्हणजे ते दिवे लागलेलं मैदान, तो बँड, ते गाव सगळं बाकांवर येऊन बसलेलं, हे आयुष्यात आता एकदाच. तरी पोरगं काय म्हणालं असेल? "चालतंय की, आजी. इथेपण मैदान आहेच." तुम्हाला सांगते, मी तोंड फिरवून कोंबड्यांकडे गेले.

पण इथे मैदान आहे तसे नियमही आहेत ना!

नियम असा, की अख्खं घर हललं आणि पोरगं त्याच्याबरोबर हललं, तर हरकत नाही. पण ते खेळासाठी हललं अशी नुसती शंका जरी आली, तरी वर्षभर पहिल्या संघात पाय ठेवायचा नाही. वर्षभर! ज्याचं वर्षच एक उरलंय त्याला! बरं, शंका आली की नाही हे ठरवणार कोण? न्यायाधीश? पाद्री? छे! आमच्या जिल्ह्यातल्या बाकीच्या शाळांचे साहेब! म्हणजे ज्यांच्याविरुद्ध आपण खेळायचं, त्यांनीच बसून ठरवायचं, की आपण खेळायचं का! कोयोटींच्या, म्हणजे आमच्याकडच्या रानकोल्ह्यांच्या, सभेत कोंबडीने अर्ज करावा, की मला जरा अंगणात फिरू द्याल का… हा न्याय! कोच बर्च, म्हणजे आमच्या सॉरेल क्रीकचा कोच, भला माणूस, पण सदा पोट दुखत असल्यासारखा चेहरा, तो मला म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मिस वेल्डा." मी एक अक्षर बोलले नाही. एवढंच म्हटलं, की सगळ्यांना सारखा असता तर मागच्या वर्षी त्या शेजारच्या, आपल्या हाडवैरी डन्मोरच्या संघात तो दाढीवाला, लग्नाच्या वयाचा घोडा कुठून आला होता, त्याचं घर कुठल्या गावाहून हललं होतं, ते जरा मला दाखवा. कोचने पोटावर हात ठेवला आणि निघून गेला.

आता फलकाचं सांगते. त्या फलकावरून माझी जी काय बदनामी चाललीय गावभर, तिला काही अर्थ नाही.

आमच्याकडे प्रत्येक खेळाडूच्या अंगणात पाटी लागते. प्लायवूडची, त्यावर नाव, नंबर. ऑगस्टमध्ये शाळेच्या मुली रंगवतात आणि घरोघर ठोकून जातात. आता मला सांगा, लोखंड बसवलेल्या बाईने ऑगस्टपर्यंत कशाच्या भरवशावर थांबायचं? म्हणून मी जूनमध्येच करून घेतली. थोडी मोठी झाली. म्हणजे गोठ्याच्या दाराएवढी. आणि मजकूर अगदी साधा: "डेल्टन येतोय. डन्मोर, सांभाळा!" बस. आता डन्मोरला जाणारा हमरस्ता माझ्या अंगणाला लागून जातो, हा काय माझा दोष? रस्ता सरकारने बांधला! आणि डन्मोरच्या शाळेचे मोठे साहेब, ते डॉक्टर प्रूइट, डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, नुसतेच, ते रोज त्याच रस्त्याने गाडी हाकतात, तर त्यांनी समोर बघून हाकावी की!

तरी नुसत्या पाटीने काही बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात मी केस सेट करायला गेले. आता ड्रायरच्या टोपाखाली बसलं की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे कुठलीही बाई सांगेल. मी तिथे एक अक्षर बोलले नाही… म्हणजे फक्त नेलवीनशी बोलले. नेलवीन चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने सांगितलं, की आमचा डेल्टन लांबून फेकलेला चेंडू पळता पळता असा झेलतो, जसा काही चेंडूच त्याला शोधत येतो. तो आला की आपण डन्मोरला धुळीत लोळवणार. आणि याचसाठी देवाने माझा खुबा मोडला असणार. हे शेवटचं वाक्य मी देवभोळेपणाने बोलले हो! कोण ऐकत होतं? पलीकडच्या टोपाखाली प्रूइटची मेहुणी!

झालं. आली तक्रार.

सभा डन्मोरच्या शाळेत. टेबलाभोवती सात साहेब, मध्ये डोनटचं खोकं उघडं, आणि आम्हा घरच्या चौघांना कुणी घे म्हणालं नाही. हे आजकालचे शिकलेले लोक! डेल्टन चर्चचा पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटण लावून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसलेला. आत शिरण्याआधी कोच बर्चने मला वाहनतळावर गाठून विनवलं होतं, "मिस वेल्डा, तुम्हाला हात जोडतो, काही झालं तरी बोलू नका." मी म्हटलं, मी कुठे बोलते?

प्रूइटने फाइलमधून माझ्या पाटीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत, त्या मधाळ आवाजात, "हा फलक आपलाच ना, मिस वेल्डा?" म्हटलं, "फलक माझा आहे, पण फोटो वाकडा काढलाय." कोचने माझी बाही ओढली.

मग लार्किनच्या जुन्या कोचचं म्हणणं वाचून दाखवलं. जुन्या शाळेच्या कोचने सांगावंच लागतं, की पोरगं खेळासाठी गेलं का. तो स्टीगल! त्याने काय लिहावं? "हा मुलगा खेळासाठी गेला असं मला वाटत नाही. याला खेळासाठी कुणी नेईल असंही मला वाटत नाही. तीन वर्षांत मी याला मैदानात फारसा उतरवलाच नाही."

सातही साहेब हसले. डोनट खात हसले! डेल्टनचे कान लाल झाले. आणि मी… अहो, माझ्या हातात ॲल्युमिनियमचा वॉकर होता, लार्किन तिथून लांब होतं म्हणून स्टीगल वाचला! त्याचा पुतण्या त्याच जागेवर खेळतो, म्हणून उतरवत नव्हता माझ्या पोराला, हे अख्ख्या लार्किनला ठाऊक आहे! मी उठायला लागले, तर कोच बर्च कानाशी येऊन, घाम पुसत, "बसा! बसा! हे आपल्याच बाजूचं आहे!"

"हा अपमान?"

"हाच! पोरगं वाईट खेळतं असं ठरलं, तरच ते खेळासाठी आलं नाही असं ठरतं!"

आलं का तुमच्या ध्यानात? माझ्या जरा उशिरा आलं. नातू चांगला, तर नातू बाहेर. नातू टाकाऊ, तर नातू मैदानात. हा नियम कुणी लिहिला असेल, त्याला आजी नसणार!

आणि तेवढ्यात प्रूइट, टिश्यूने बोटांची साखर पुसत, "पण मिस वेल्डा, पार्लरमध्ये तर आपण म्हणालात, चेंडूच याला शोधत येतो. मग खरं कोण बोलतंय? कोच स्टीगल, की आपण? शपथ घेऊन सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डेल्टनपण. शाळा मी आठवीत सोडली. त्यानंतर जे काय शिकले ते माझं मी शिकले, आणि या तोंडाने आजवर कुणापुढे माघार घेतली नाही. नवऱ्यापुढे नाही, बँकेपुढे नाही, एकदा तर गव्हर्नरला पत्र लिहून झाडलंय मी. आणि आता या साखर लागलेल्या मिशीपुढे काय बोलायचं?

बोलले. म्हटलं, "स्टीगल खरं बोलतो. मी म्हातारी फुशारक्या मारते."

आणि एकदा सुरुवात झाल्यावर माझं तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, याच्या हाताला भोकं आहेत, साहेब! टेबलावर मीठ मागावं तर सांडून देतो. अंडी आणायला पाठवला तर घरी ऑम्लेट घेऊन येतो. बारशाला मावसबहिणीचं बाळ याच्या हातात दिलं, तर पाद्री पाणी शिंपडायचं सोडून खाली हात धरून उभा राहिला! पळतो कसा? मी वॉकर घेऊन पुढे जाईन! चेंडू याला शोधत येत नाही, साहेब, चेंडू याला बघून दिशा बदलतो… सातही साहेब टेबलावर हात आपटून हसत होते, एकाला ठसका लागला, प्रूइट चष्मा काढून डोळे पुसत होता. कोच बर्चसुद्धा, पोट धरून. एकच माणूस हसत नव्हता.

मत घेतलं. सातही हात वर. पात्र!

गाडीत बसून परत निघालो. रॉय्स रस्त्याकडे बघत होता, मार्ला खिडकीबाहेर. मी आणि डेल्टन मागे. मैल-दोन मैल गेल्यावर हळूच म्हणाला, "आजी, ते अंड्यांचं खरं होतं. पण बाकीचं? तुला खरंच तसं वाटतं?"

आता काय सांगू? खोटं म्हटलं, तर शपथ मोडली, उद्या पोरगं शाळेत एकाला बोलणार, परवा डन्मोरला कळणार. खरं म्हटलं, तर… नाही हो म्हणवत! तुम्हाला सांगते, तेव्हा खरोखर मी एक अक्षर बोलले नाही. नुसता त्याचा हात धरला. केवढा हात! माझे दोन्ही त्यात मावले. बोटं अशी लांब, मऊ, चेंडू पकडायला केलेली. मूठ मिटून घेतली त्याने, माझ्या हातांसकट, आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले.

तर, पात्र ठरला. सराव सुरू झाला. आठवड्यात कोच बर्च माझ्या ओट्यावर हजर, नेहमीचा चेहरा, त्याहून वाईट.

"मिस वेल्डा, पोरगं फार चांगलं आहे हो."

"मला सांगता?"

"म्हणजे इतकं चांगलं आहे, की माझ्याने उतरवता येत नाही."

मी म्हटलं, परत बोला.

तर म्हणतो, "पहिल्याच सामन्यात याने दोन-चार चेंडू झेलले, की सोमवारी सकाळी प्रूइट अर्ज ठोकणार. आजी शपथेवर खोटं बोलली, चौकशी करा! आणि ते सिद्ध झालं तर याचं एकट्याचं नाही जात, हा उतरला ते सगळे सामने आपण हरलो असं धरतात. सगळे! बाकीच्या पोरांचंपण हे शेवटचं वर्ष आहे, मिस वेल्डा."

"मग कधी उतरवणार?"

"डन्मोरचा सामना झाला, की मग त्यांना फरक पडत नाही."

"आणि डन्मोरचा सामना कधी आहे?"

कोचने टोपी काढली, टोपीत बघितलं. "शेवटचा."

आता यावर काय बोलणार? तुम्हीच सांगा. चांगला खेळला तर नियम मोडतो, वाईट खेळला तर कोच उतरवत नाही, आणि बाकावर बसून राहिला तर सगळं कायद्याला धरून! रॉय्स म्हणतो, आई, जाऊ दे. मार्ला भांडी जरा जोरात ठेवते. आणि डेल्टन? पहिल्या सामन्याला बाकावर बसून दुसऱ्या पोरांना पाणी देत होता, कुणी चेंडू झेलला की सगळ्यात आधी हाच उठून ओरडत होता. चेंडू बाहेर आला, याच्या डोक्यावरून चालला, तर एका हाताने, न बघता, टिपला आणि पंचाकडे फेकला. मी घाबरून डन्मोरचं कुणी बघतंय का ते बघितलं. बघा, काय दिवस आलेत माझ्यावर!

काल शुक्रवारी माझ्या शेजारी नव्या पाद्रीची बायको येऊन बसली. गोड आहे, लांबून आलीय, तिला इथलं काही माहीत नाही. मैदानावर चिखल, आमची पांढऱ्या कपड्यांतली पोरं नखशिखांत काळी झालेली, नंबरसुद्धा वाचता येत नाहीत. ती मला म्हणाली, "मिस वेल्डा, यातला तुमचा नातू कुठला हो?"

म्हटलं, "सोपं आहे, बाई. तो बघा, पांढराशुभ्र."