बाकावरचे आभार

केमोच्या वॉर्डाबाहेर एक शिंपी बायकोची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली सून आणि तिची सासू. शिंप्याने डोळे पेपरात घातले, कान मात्र तिकडे लावले.

"अगं, रोज कशाचे तरी आभार मानायला सांगितलंय ना डॉक्टरीणबाईंनी? मान बघू."

"केस गेले त्याचे आभार. आता भाजीत केस सापडला तर माझं नाव घेता येणार नाही तुम्हाला."

"माझा पांढरा असतो, ओळखू येतो. पुढे?"

"तोंडाची चव गेली त्याचेही. तुमच्या हातचं जेवण आता घशाखाली उतरतं."

"अस्सं!"

"आणि मळमळतंय म्हटलं की तुमच्या बहिणीचा फोन घ्यावा लागत नाही."

"मीसुद्धा तेच सांगते. सुनेला मळमळतंय, नंतर बोलू."

"आई! माझ्या आजारपणावर?"

"मग काय, एकटीनेच मजा मारायची?"

शिंप्याने पेपर आणखी वर धरला.

"आता तुम्ही माना."

"माझं एकच. महिनाभर नुसतं 'हो आई, बरं आई' चाललं होतं तुझं. डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या."

"आणि आज?"

"आज सकाळपासून उलटून बोलतेयस, भवाने. तू आत गेलीस की मस्त डुलकी काढणार आहे मी."