आग्नेयेला सरकलेलं घर

— नाही नाही सर, मागं सरकू नका, बरोबर जागेवर उभे आहात तुम्ही. फोनमधला ठिपका बघा — आला ना? आलाच. हेच आमचं घर. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा चौथा पाय म्हणजे वीट आहे — या गव्हाणीच्या कठड्यावर बसा, चादर टाकली आहे मी. म्हैस? म्हैस काही करत नाही. ती पण इथंच राहते — एकत्र कुटुंब आहे आमचं. आणि ही तिची पारडी टिकली, परवाच झाली. टिकलीच्या गळ्यात पडलेली ती आमची दीपा, जिच्यासाठी तुम्ही आलात. पाणी घ्या.

वास येतो का? मला आता येत नाही. आठ दिवसांत माणसाला कशाचीही सवय — आठ वर्षांत म्हणायचं होतं. आठ वर्षं झाली लग्नाला, तेव्हापासून इथंच. हे बघा कॅलेंडर, ही शेगडी, ही दीपाची पाटी, आणि या खांबावर तिच्या उंचीच्या खुणा, दरवर्षी एक. हो, चारही खुणा एकाच खडूच्या आहेत. जपून वापरतो आम्ही खडू.

मागच्या वेळी तुमच्या समितीचे दुसरे सर आले होते. याच ठिपक्यावर उभे राहिले आणि शेरा लिहून गेले — ‘नमूद ठिकाणी बालक आढळले नाही. म्हैस आढळली.’ सर, म्हैस कशाला लिहायची हो? शाळेतल्या पंचवीस टक्के मोफत जागांत, सोडतीत नाव आलं होतं माझ्या दीपाचं! अख्ख्या राळेगावातून किती अर्ज, आणि तिचं नाव आलं. आज तुम्ही पण ‘आढळले नाही’ लिहिलं की जागा गेली दुसऱ्याला. आणि अर्ज एकदा पक्का केला की त्यातल्या नकाशावरचा तो घराचा लाल बलून तसूभर हलत नाही, तुमच्याच ऑफिसात सांगितलं मला. मग करायचं काय? नकाशा हलत नाही म्हटल्यावर घर हलवलं आम्ही —

म्हणजे... हलवलं नाही... बघा, असं होतं माझं. हे म्हणतात, तू चोरी करायला गेलीस तर आधी घरमालकाला उठवून विचारशील. आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. ती निळी टाकी दिसते ना, तिकडं वर? ते आमचं घर. हा धनसिंगभाऊंचा कोठा आहे, गुरांचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मले काय विचारता वहिनी, म्हशीले विचारा.” तेव्हापासून रोज सकाळी शेगडी, पाटी, खुर्ची, पोरगी घेऊन येते मी इथं, आणि दिवस मावळला की सगळं घेऊन परत जाते. शेजारची बिजलीबाई दारातून ओरडते, “काहो रुपाली, आग्नेयेले चूल पाह्यजे म्हंतात, तू त अख्खं घरच नेलं!” दीपाला आठ दिवस पढवते आहे — ‘हे माझं घर’ म्हणायचं. म्हणत नाही. बोट निळ्या टाकीकडं. माझ्यासारखी अजिबात नाही ती.

घर इथं आलं कसं? माझ्या शिक्षणामुळं आलं. बलून बोटानं ठेवता येत होता, हे म्हणाले पण, “ठेव बोट अन् हो मोकळी.” पण मी भूगोलात एमए ना! आमचे मामाजी, म्हणजे सासरे, उकंडाबाबा, तरुणपणी सर्व्हेवाल्यांकडे खलाशी होते, म्हणजे मोजणीची साखळी अन् झेंडे धरणारे. आमच्या अंगणात सर्व्हेचा एक दगड आहे, त्याचे अक्षांश-रेखांश साहेबानं चिठ्ठीवर लिहून दिलेले. मामाजींनी ती चिठ्ठी बुद्धवंदनेच्या पुस्तकात जपून ठेवली आहे. म्हणतात, “लोकायच्या घराले नंबर अस्ते, आपल्या घराले जगाचा नंबर हाये.” तोच आकडा मी टाकला अर्जात. आणि घर आलं म्हशीत.

आकडा चुकीचा नाही, सर. तीच तर गंमत. पृथ्वी काही लाडूसारखी गोल नाही, जरा दबलेली आहे. जुन्या सर्व्हेवाल्यांनी आपल्या देशाला बसेल असं एक अंडं धरलं, एव्हरेस्ट साहेबाचं — पहाड नाही, पहाडाला त्याचं नाव दिलं — आणि त्या अंड्यावरून सगळं मोजलं. तुमच्या फोनमधलं अंडं वेगळं, उपग्रहवाल्यांचं, साऱ्या जगाला मिळून एक. दोन्हींचा मध्य एका जागी नाही. दोन टेलर असतात ना — एक मानेपासून मोजतो, दुसरा खांद्यापासून. फ्रॉक तोच, आकडा वेगळा. आता मानेचा आकडा खांद्यापासून कापला तर? तसं झालं. इकडचा आकडा तिकडच्या अंड्यावर ठेवला की माणूस सरळ दीडशे-एक मीटर आग्नेयेला सरकतो. याला डेटम म्हणतात. ह्यांना समजावलं तर म्हणाले, “एमए बायको केल्याचा फायदा हाच — घर होतं तिथं राहिलं नाही.”

मला कसं माहीत? प्रॅक्टिकलच्या वहीत आहे ना. मीच लिहिलं होतं, लाल पेनानं, खाली रेघ मारून — ‘डेटम तपासल्याशिवाय आकडे वापरू नयेत.’ दहापैकी नऊ मिळाले होते.

... हो. अर्ज भरताना आठवलं होतं.

आधी फोननंच बघितलं होतं मी. निळ्या टाकीपासून शाळा एक हजार ऐंशी मीटर. शाळा तिकडं, आग्नेयेलाच. अर्जात पाहिजे एक किलोमीटरच्या आत. मग चिठ्ठीचा आकडा टाकून पाहिला — नऊशे वीस. सगळ्यांना मी चूक झाली म्हणून सांगते, ह्यांना पण तेच सांगितलं. चूक नव्हती, सर. ऐंशी मीटर म्हणजे असतं काय हो? दीपा रुसली की ऐंशी मीटर तर नुसती पळत जाते. तेवढ्यासाठी पोरीचं सगळं — आणि आकडा खोटा नव्हता ना! सरकारी माणसानं लिहिलेला, माझ्या सासऱ्यानं पन्नास वर्षं जपलेला. फक्त अंडं दुसरं होतं.

लिहा आता काय लिहायचं ते. काय? तिला विचारता? विचारा ना. दीपा, टिकलीला सोड, इकडं ये. सर विचारतात, तुझं घर कुठं आहे? आईनं शिकवलेलं नाही बरं, खरं खरं सांगायचं —

हे?

अगं नाही बाळा, आता नाही म्हणायचं तसं. सांगून टाकलं मी सरांना. आजोबा असतात ते घर कोणतं आपलं? पलंग आहे ते? दाखव बोट. — ‘तिथं टिकली नाही’? दीपा, काहून अशी करून राह्यली माय? आठ दिवस बोंबलली मी तर एकदा म्हटलं नाही, अन् आता — सर, मी नाही हो शिकवलं, म्हणजे शिकवलं, पण हे नाही शिकवलं —

लिहिलं? बघू? ‘बालक नमूद ठिकाणी आढळले.’

एवढंच? बरं. ... म्हैस नाही लिहिली?

बरं सर. या मग. तिकडून नको, तिकडं शेण आहे, इकडून या. हो, हो, पोहोचवते कागद शाळेत.

दीपा, चल. गेले सर. सोड तिला, दूध पिऊ दे. पाटी घे. चल घरी.

हे नाही गं. त्या घरी.