कान ठणकतोय, दात दाखवा

खरं सांगतो गड्या, त्या कानाच्या डॉक्टरचा मला पयल्यापासनंच संशय आला. आठ दिस उजवा कान ठणकतोय, आन हा कानात बॅटरी मारून म्हणतो, "कान चांगला आहे. दाताच्या डॉक्टरांना दाखवा."

म्हटलं, ह्या दोघांचं साटंलोटं दिसतंय!

तरी गेलो. दातवाल्यानं मागची दाढ नुसती ठोकली, आन मी कान धरून वरडलो.

"दाढ चिरलीय. तिची कळ कानात जाते. कडक काय चावता?"

"हळकुंडं. हळदीचा व्यापारी हाय. वाळलीत का, चावूनच कळतं."

"आता बंद!"

दुसऱ्या दिवशी मार्केटात हळकुंड हातानंच मोडलं. समोरचा शेतकरी डोळं बारीक करून म्हणतो, "मालक, औंदा चावलं बी न्हाईसा. भाव पाडायचं घरनंच ठरवून आलाय व्हय?"