समोर फक्त चपला

हॅलो? … हो, ताईच बोलतेय. … अगं रडू नकोस, नीट सांग. मेहुण्यांना आत नेलं? … कधीच? आणि अजून कुणी बाहेर येऊन काही सांगितलं नाही? … बरं, बरं. पोटाच्या ऑपरेशनला वेळ लागतोच गं.

मी? दुकानातच. हे कापड कापतायत, मी मुख्याध्यापकांच्या पँटला इस्त्री करतेय. … हो, हो, प्रार्थना चालूच आहे. हात इस्त्रीवर, मन देवाकडे. … तुला जमत नाहीये? अगं ऐक ना, सोपं असतं. डोळे मिट. मिटलेस? आता समोर फक्त देव आण. बाकी सगळं … अहो, बटणं वरच्या डब्यात! वरच्या! … बाकी सगळं विसरायचं. चित्त एकाग्र … निळी नव्हे हो, पांढरी! … हं, बोल. दिसला देव?

… चपला?

कुणाच्या चपला? … मेहुण्यांच्या? आत नेताना तुझ्या हातात दिल्या होय! … मग ती पिशवी खाली ठेव आणि देव बघ. … पुन्हा चपलाच? अगं, मन असंच भरकटतं, त्याला वळण लावावं लागतं. माझं बघ. रोज पहाटे तासभर बसते की नाही? … हो, मध्ये उठते. इस्त्री बंद आहे ना, एवढंच बघायला. … सारखी कुठे? ती गोष्ट वेगळी!

… रडू नकोस गं. … काय? चपलेचा अंगठा तुटलेला? … स्वतःच सुतळीनं शिवला? नव्या घ्या म्हटलं तरी ऐकत नाहीत? … हं. … हं. … बोल, मी ऐकतेय.

… नको. देव आणूच नकोस समोर. चपलाच बघ. त्यांत त्यांचे पाय परत येऊ देत, एवढंच बघत बस. मीही तेच बघते. … दिसतायत गं मला. सुतळीसकट. …

… काय हो? थांबा जरा. … कसला वास? … अगंबाई! गुडघ्यावर! आरपार! … काही नाही गं, मुख्याध्यापकांची पँट. … खरंच सांगते, मला वासच आला नाही. जन्मात पहिल्यांदा! … हसतेस काय? … हस, हस.

… डॉक्टर आले? जा, जा! … नाही, फोन ठेवू नकोस! … हॅलो? … काय म्हणाले? … सगळं नीट झालं? … देवा, पावलास रे बाबा! … काय? शुद्धीवर आल्या आल्या चपला विचारल्या?

मग उभी काय राहिलीस? घेऊन पळ! … हॅलो? … हॅलो?

… अहो, ऐकलंत का? … मुख्याध्यापकांना अर्धी पँट चालेल का हो?