सुनेच्या जाहिरातीला बोट

मी मूळची किल्लारीची. भूकंपानंतर जे नवं गाव बसलं त्यातलाच माझा जन्म. वडील बैलांचा साज करायचे, म्हणजे तोंडावर बांधायच्या म्होरक्या, गळ्यातले कंडे, गोंडे, अन् पोळ्याला पाठीवर टाकायच्या झुली. आई उसाच्या कामाला जायची, मग धाकटी भावंडं कोण बघणार, तर मी, म्हणून चौथीनंतर शाळा तिथंच राहिली. पण वडलांच्या बाजूला बसून बसून हात शिकला. वडील म्हणायचे, म्होरकी आतून मऊ पाहिजे, बाहेरचं लोक बघतात, आतलं बैलाला कळतं. ते मी अजून सोडलं न्हाई.

लग्न होऊन लोह्याला आले. मालक डाळ मिलमधे कामाला. सासूबाईंना मी मामी म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. घरचं आवरून मी साज करायची अन् पोळ्याच्या आधी बाजारात पाल टाकून बसायची. अडचण एकच, काय सांगू तुम्हाला, मला हाका मारता येत न्हाईत. बाजूचा माणूस नायलॉनचा माल ओरडून ओरडून विकायचा अन् मी पदर तोंडाशी धरून बसायची. कुणी विचारलं केवढ्याला, तर मला आधी घाम यायचा. माल तसाच घरी. असे दोन-तीन पोळे गेल्यावर मालक म्हणाले, आणखी एक पोळा बघू, न्हाई तर हे बंद कर, माझ्यासंगं मिलमधे डाळ निवडायला ये. रागानं न्हाई म्हणाले ते, खरं तेच म्हणाले. पण मला लई लागलं. मनात म्हणलं, हे बंद करायचं न्हाई, काय करावं लागंल ते करीन.

माझी नणंद शोभाताई नांदेडला दिलेली, तिथं कॉम्प्युटरचा क्लास घेते. ती आली तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, तुम्हाला ओरडायचं न्हाई ना, मग इंटरनेटवर दुकान टाकू, तिथं कुणी ओरडत न्हाई. तिनं फोटो काढले अन् वेबसाईट केली. वेबसाईट झाली तरी कुणी येईना. मग ती म्हणाली, आता जाहिरात लावावी लागंल. लोक फोनवर काहीतरी शोधतात, तेव्हा वरती आपलं नाव दिसतं. नुसतं दिसलं तर पैसे न्हाईत, कुणी त्याच्यावर बोट दाबून आपल्या दुकानात आलं की मगच पैसे कटतात. अन् दिवसाला किती जाऊ द्यायचे ते आपणच ठरवायचं, तेवढे संपले की त्या दिवसापुरतं नाव दिसायचं बंद.

मी म्हणलं, लई थोडे लावा. ती म्हणाली, मग शब्दही तसेच पाहिजेत. नुसता पोळा म्हणलं तर तिथं मोठी दुकानं बसलेली हायत, एकेका बोटाचे लई पैसे. मग आम्ही दोघी बसलो अन् बाजारात लोक मला जे विचारायचे ते मी आठवून सांगितलं, देवणी खोंडाची म्होरकी, सुताचा कंडा, जोडीची झूल. त्या शब्दांवर दुसरं कुणी बसलेलंच न्हाई. थोडक्या पैशात काम झालं. शोभाताई हसून म्हणाली, वहिनी, बाजारात जागा मिळंना, इथं तुम्ही पुढची जागा धरली की.

जाहिरात सुरू झाली अन् माय, काय माणसं यायला लागली. रोज. पण विकत कुणी घेईना. यायचे, बघायचे, जायचे. अन् सकाळच्या चहाबरोबरच दिवसाचे पैसे संपून जायचे, नाव बंद. मी फोटो बदलले, भाव कमी केला, नव्या रंगाच्या झुली केल्या, तरी तेच. मला वाटायला लागलं, आपल्या मालातच खोट हाय. बैल बोलत न्हाई, माणसं बोलत न्हाईत, मग कळणार कसं? पण काम थांबवलं न्हाई, पोळा जवळ येऊन राहिला होता.

एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामी पूजा करून देवासमोरच बसल्या होत्या, हातात मालकांचा फोन. फोनला तोंड लावून म्हणल्या, देवणी खोंडाची म्होरकी. माझं नाव वर आलं. मामींनी कुंकवाचंच बोट त्याच्यावर दाबलं अन् फोन कपाळाला लावला. मी म्हणलं, मामी, हे काय? तर म्हणल्या, रोज करते, देवाच्या पायरीला हात लावावा तसं, तुझं चांगलं व्हावं म्हणून. अन् मी एकटी न्हाई, सगळ्या भावकीला सांगितलंय, सकाळी उठलं की आधी माझ्या सुनेच्या जाहिरातीला बोट लावा.

सगळी भावकी म्हणजे लोहा, नांदेड, लातूर, पुण्याची पोरं, जावई, जावयांच्या बहिणी. मी तिथंच बसले. हसावं का रडावं कळंना. एवढ्या मायेनं माझा धंदा बुडवून राहिले होते.

शोभाताईला फोन केला तर ती आधी खो खो हसली. मग म्हणाली, नांदेड-लातूरला जाहिरात बंद करता येती, पण मग घेणार कोण, बैलवालेही तिथलेच. त्यांना सांगूनच थांबवावं लागंल. मी म्हणलं, तुम्ही सांगा. ती म्हणाली, मी सांगितलं तर आई म्हणंल शिकलेली लेक अक्कल शिकवून राहिली. वहिनी, धंदा तुमचा हाय, तुम्हीच सांगा.

त्याच आठवड्यात पुतण्याचं जावळ होतं, भावकी घरी जमली. जेवणं झाली, बायका सुपारी कातरत बसल्या, माणसं ओट्यावर. मी उठून उभी राहिले. चुलतसासरे म्हणाले, काय गं, भात वाढायचा राहिला का? मी म्हणलं, न्हाई तात्या, बोलायचंय. मी आजपर्यंत त्या माणसांपुढं मान वर केली नव्हती. पण म्हणलं आज न्हाई तर कधीच न्हाई.

मी म्हणलं, असं समजा की दूरदूरच्या गिऱ्हाइकाला माझ्या दुकानात आणायला मी एक जीप लावलीय, भाडं माझं. त्या जीपमधे तुम्ही सगळे रोज सकाळी बसता, माझ्या दारात येता, मला बरं वाटावं म्हणून बघून जाता. जीप भरून जाती. ज्याला साज घ्यायचाय तो रस्त्यावरच उभा राहतो अन् भाडं मला बसतं. उद्यापासून बोट लावू नका.

तात्या म्हणाले, आता गं बया, म्हणजे मी झेंडावंदनासारखं रोज नेमानं सुनेचं दिवाळं काढलं की. सगळे हसले. मामी हसल्या न्हाईत. त्यांचा चेहरा उतरला, चार माणसांत त्यांचीच चूक निघाली. म्हणल्या, मग आम्ही आशीर्वाद द्यायचा तरी कसा? मी खाली बसून त्यांचे पाय धरले, म्हणलं, मामी, ज्याच्या दारी बैल हाय त्याला माझं नाव सांगा, तोच आशीर्वाद.

दुसऱ्या दिवसापासून बोटं थांबली. मामीही माझ्याशी बोलायच्या थांबल्या, ताट वाढलं तर मुकाट्यानं जेवायच्या. मला वाईट वाटायचं, पण शब्द मागं घेतला न्हाई. जाहिरात दिवसभर राहायला लागली, येणारे थोडे, पण खरे. संध्याकाळी फोन यायचे, औसा, देगलूर, निलंग्याकडून, खोंडाचं माप कसं घ्यायचं विचारायला, अन् मला फोनवर बोलताना घाम येईना. मग एकदा मामी दवाखान्यातून परत आल्या अन् आपणहून बोलल्या. म्हणल्या, एस्टीत शेजारी एक जण बसला होता, मी विचारलं, बैल हायत का तुमच्याकडं? तो म्हणाला, काहून? म्हणलं, माझ्या सुनेचं नाव लिहून घ्या. तेव्हापासून त्या एस्टीत बसल्या की शेजाऱ्याची सुटका न्हाई.

पोळा झाला. सगळा माल गेला असं खोटं सांगणार न्हाई, काही झुली अजून पेटीत हायत. पण देवणी गावच्या एका माणसानं जोडीचा पुरा साज मागवला होता, त्यानं पोळ्यादिवशी बैलांचा फोटो पाठवला. मालकांनी तो मोठा करून करून बघितला. मिलचं काही बोलले न्हाईत. म्हणाले, मला नांदेडला जायचंय, सूत कोणत्या रंगाचं आणू?

मी म्हणलं, लाल आणा, अन् जास्त आणा.

असं चाललंय बघा आता. बसून काम करते, रोज थोडी जाहिरात लावते. ज्या दावणीला माझ्या हातची म्होरकी गेली, तिथं वैरण-पाणी कधी कमी पडू नये. अन् तुम्ही एवढा वेळ माझ्यासारखीचं ऐकून घेतलं, तुमचंही बरं होवो.